सेटवर आलेला बिबट्या कोणत्या विषयात येतो? सिनेमा, पर्यावरण आणि शहर पदवीला एकत्र शिकण्याचं काय झालं

जुलै २०२३ मधला तो व्हिडिओ आठवतोय? गोरेगावच्या चित्रनगरीत एका मराठी मालिकेचं शूटिंग सुरू होतं आणि सेटच्या वरच्या बाजूने बिबट्या चालत गेला. सेटवर तेव्हा दोनशेहून जास्त माणसं असल्याचं सांगितलं गेलं. दिवसभरात तो व्हिडिओ देशभरातल्या मोबाईलवर पोहोचला. खाली कमेंट्समध्ये नेहमीचे दोन गट पडले. एक म्हणत होता, बिबट्या माणसांच्या वस्तीत घुसला. दुसरा म्हणत होता, माणसंच बिबट्याच्या घरात घुसलीत.

दोन्ही गटांना वाक्य पूर्ण करायला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागली असती. कारण त्या जागेचा इतिहास तसा सरळ नाही. आरे दुग्ध वसाहत १९४९ ची. मुंबईतले गोठे शहराबाहेर न्यायचे, म्हणून ती वसवली गेली. तेव्हा गोरेगाव हे शहराचं बाहेरचं टोक होतं. त्याच पट्ट्यात १९७७ मध्ये राज्य सरकारने चित्रनगरी उभी केली, साधारण ५२० एकरांवर. शेजारी शंभर चौरस किलोमीटरहून मोठं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. आणि या सगळ्याच्या आधीपासून तिथे राहणारे आदिवासी पाडे, जे आजही आहेत. पुढे शहर वाढत जाऊन या जंगलाच्या तिन्ही बाजूंना भिडलं.

आता प्रश्न असा, की बारावी झालेल्या एखाद्या मुलीला तो व्हिडिओ बघून हे सगळं प्रकरण नीट समजून घ्यावंसं वाटलं, तर तिने कोणत्या विषयाला प्रवेश घ्यायचा? बिबट्या प्राणिशास्त्रात. जागेचा वापर आणि शहराची वाढ भूगोलात किंवा नगररचनेत. पाडे समाजशास्त्रात. मालिका आणि तो व्हायरल व्हिडिओ मास मीडियात. आत्ताआत्तापर्यंत उत्तर सोपं होतं: एक निवड आणि बाकीचं सोड. आता नियम म्हणतो, सगळं सोडायची गरज नाही. तो नियम काय आहे आणि प्रत्यक्षात काय होतं, ते बघूया.

नियम नेमका काय आहे?

केंद्राने राष्ट्रीय शैक्षणिक धोरण जुलै २०२० मध्ये मंजूर केलं. पदवीचं शिक्षण 'बहुविद्याशाखीय' असावं, हा त्यातला एक मोठा मुद्दा. महाराष्ट्र सरकारने त्यासाठी एप्रिल २०२३ मध्ये शासन निर्णय काढला. स्वायत्त कॉलेजांमध्ये २०२३-२४ पासून आणि विद्यापीठांशी संलग्न कॉलेजांमध्ये २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. म्हणजे साध्या तालुक्याच्या कॉलेजात बीएला बसलेली पोरंही आता याच चौकटीत आहेत.

या चौकटीत एक मेजर असतो, म्हणजे मुख्य विषय. एक मायनर असतो, तो त्याच शाखेतला किंवा पूर्ण वेगळ्या शाखेतला घेता येतो. आणि तिसरा असतो ओपन इलेक्टिव्ह. त्याची अट मजेशीर आहे: तो मेजरच्या शाखेबाहेरचाच हवा. विज्ञानाच्या मुलाने विज्ञानाचा ओपन इलेक्टिव्ह घ्यायचा नाही. याशिवाय कौशल्याचे पेपर, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, समाजकार्याशी जोडलेलं काम, प्रत्यक्ष नोकरीच्या जागी प्रशिक्षण, असं बरंच काही. तीन वर्षांची पदवी १२० ते १३२ क्रेडिटची, चार वर्षांची ऑनर्स १६० ते १७६ क्रेडिटची. मध्येच सोडलं तर पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा. मात्र ही वाट घेणाऱ्यांसाठी काही अटी आणि जादा क्रेडिट आहेत.

कागदावर बघितलं तर आपल्या त्या मुलीचं काम झालंच. मेजर भूगोल, मायनर मास मीडिया, ओपन इलेक्टिव्ह पर्यावरणशास्त्र. सिनेमा, शहर, पर्यावरण, तिन्ही आले.

पण जरा क्रेडिटचा हिशोब करा. थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे १५ तासांचं शिकवणं. दोन क्रेडिटचा ओपन इलेक्टिव्ह म्हणजे अख्ख्या सेमिस्टरमध्ये ३० तास. 'सिनेमाचा रसास्वाद' असा पेपर असेल आणि त्यात दोन-दोन तासांचे पाच सिनेमे वर्गात दाखवले, तर एक तृतीयांश वेळ बघण्यातच गेला. उरलेल्या २० तासांत चर्चा, असाइनमेंट, परीक्षा. यात विषयाची तोंडओळख होते आणि तोंडओळखही काही वाईट नसते. पण शेजारच्या वर्गात पर्यावरणाचा पेपर वेगळे सर शिकवतायत, तिसऱ्या मजल्यावर भूगोलाच्या मॅडम शहरीकरण शिकवतायत, आणि या तिघांची गाठ स्टाफरूममध्ये चहाच्या वेळी पडली तर पडली.

तीन विषय एका मार्कलिस्टवर आले, एवढ्याने ते जोडले जात नाहीत. खरी अडचण इथे आहे आणि ती आजची नाही.

१९९१ चा एक निकाल, ज्यात सिनेमागृह आणि कॉलेज एकत्र होतं

पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहता यांचं नाव गंगा प्रदूषण आणि ताजमहालाच्या खटल्यांमुळे माहीत असतं. त्यांच्याच एका याचिकेवर सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर १९९१ मध्ये दिलेला निकाल मात्र फारसा आठवणीत नाही. त्यात कोर्टाने काय सांगितलं? देशातल्या सिनेमागृहांनी प्रत्येक खेळाला पर्यावरणाचा संदेश देणाऱ्या स्लाइड मोफत दाखवाव्यात आणि ही परवान्याची अट असावी. पर्यावरणावर छोट्या फिल्म तयार करून त्या थिएटरमध्ये दाखवल्या जाव्यात. आकाशवाणी आणि दूरदर्शनने नियमित कार्यक्रम करावेत. आणि शाळा-कॉलेजांत पर्यावरण हा सक्तीचा विषय व्हावा, विद्यापीठांसाठी यूजीसीने त्याचा विचार करावा.

म्हणजे सिनेमा आणि पर्यावरण या दोन गोष्टी जोडायला हव्यात, हे तीस वर्षांपूर्वी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला सुचलेलं होतं. त्यामागचा विचारही साधा होता: लोक जिथे गर्दीने जातात, तिथे हा विषय न्यायचा. त्या काळी तशी जागा म्हणजे थिएटर.

पुढे डिसेंबर २००३ मध्ये कोर्टाने पुन्हा आदेश दिला आणि सगळ्या शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आला. त्यासाठी यूजीसीने जे पाठ्यपुस्तक तयार करून घेतलं, ते लिहिलं पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी. पेशाने सर्जन आणि आवडीने निसर्ग अभ्यासक असलेला माणूस देशभरच्या बीए, बीकॉम, बीएस्सीच्या पोरांचं पर्यावरणाचं पुस्तक लिहितो, हेही एक आंतरविद्याशाखीय उदाहरणच म्हणायचं. पुस्तकात प्रत्यक्ष भेटींचा भाग होता. जवळची नदी, टेकडी, कचऱ्याची जागा बघून नोंदी करायच्या.

प्रत्यक्षात काय झालं, हे या काळात कॉलेज केलेल्या कुणालाही विचारा. 'ईव्हीएस' म्हणजे पास होण्यापुरता करायचा पेपर. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारं प्रोजेक्ट, वर स्पायरल बाइंडिंग, आत मागच्या वर्षीच्या कुणाच्या तरी नदीभेटीचं वर्णन. कधीकधी नदीचं नावही बदलायचं राहून जायचं.

विषय सक्तीचा केला आणि त्याचा दर्जा तिथेच घसरला, असं सरळ म्हणणं मात्र थोडं अन्यायाचं होईल. काही शिक्षकांनी त्या सहा महिन्यांत पोरांना खरंच नदीवर नेलं. पण तो पेपर कोणत्याच विभागाचा नव्हता. ज्या शिक्षकाचे तास कमी भरत होते, त्याच्या गळ्यात तो पडायचा. मग तो इंग्रजीचा असो की अकाउंट्सचा. आता नव्या रचनेत पर्यावरण शिक्षणाला मूल्यशिक्षणाच्या खात्यात जागा आहे आणि यूजीसीने २०२३ मध्ये त्यासाठी किमान ४ क्रेडिटचा आराखडा दिलाय. हवामान बदल, जैवविविधता, कचरा, सगळं त्यात आहे. तो शिकवणार कोण, हा जुना प्रश्न मात्र तसाच पुढच्या वर्गात गेलाय.

मग जोडलेला अभ्यास दिसतो कसा?

यासाठी पुन्हा बिबट्याकडे जावं लागेल.

बिबट्या दिसला की लोकांची पहिली मागणी काय असते? पिंजरा लावा आणि लांब सोडून या. ऐकायला अगदी बरोबर वाटतं. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी जुन्नर भागातल्या बिबट्यांवर केलेलं संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यातून उलटंच चित्र पुढे आलं. मोठ्या प्रमाणावर पकडून-सोडण्याची मोहीम सुरू होण्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मोहिमेनंतर ते १७ वर गेले. अनोळखी मुलखात सोडलेला, ताणाखालचा प्राणी जास्त धोकादायक ठरत होता. एकाला उचललं की त्याच्या रिकाम्या जागेत दुसरा येतो, तो मुद्दा वेगळाच.

इथपर्यंत हे प्राणिशास्त्र आहे. पण वनखात्याला पिंजरा लावायला भाग कोण पाडतं? घाबरलेले लोक, लोकांचे नगरसेवक-आमदार आणि दुसऱ्या दिवशीच्या बातम्या. म्हणून मुंबईत पुढचा अभ्यास झाला तो बातम्यांचा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत वर्तमानपत्रांनी मुंबईतला माणूस-बिबट्या संघर्ष कसा मांडला, याचं विश्लेषण करणारा शोधनिबंध २०१३ मध्ये वन्यजीव संवर्धनाच्या नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात छापून आला. बिबट्याला 'नरभक्षक', 'घुसखोर' म्हणणारी मांडणी कधी होती आणि सूर कधी बदलत गेला, हे त्यात तपासलं होतं. वन्यजीवांच्या नियतकालिकात बातम्यांच्या शब्दांचा अभ्यास! मास मीडियाच्या विद्यार्थ्याला वाटेल हे आपलं काम, प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला वाटेल हे आपलं नाही. आणि नेमकं तेच काम उपयोगी पडलं.

त्याच सुमाराला, २०११ मध्ये, वनखात्याने नागरिक आणि अभ्यासकांना सोबत घेऊन 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम सुरू केला. पत्रकारांशी बोलणं, सोसायट्यांमध्ये आणि पाड्यांवर जाणं, पोलिसांना प्रशिक्षण, बिबट्या दिसला तर गर्दी कशी टाळायची हे सांगणं. २०१५ च्या कॅमेरा ट्रॅप अभ्यासात उद्यान आणि परिसरात ३५ बिबटे मोजले गेले. इतक्या दाट मानवी वस्तीशेजारी इतके बिबटे राहतायत आणि बहुतेक दिवस काहीच होत नाही, ही खरी बातमी होती. ती व्हायरल होत नाही, एवढंच.

आता यात सिनेमाचा धंदा कुठे येतो? सेटवर रोज शेकडो लोकांचं जेवण होतं. उरलेलं अन्न उघड्यावर पडलं की कुत्री जमतात. कुत्री हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. म्हणजे सेटवर बिबट्या का आला, याच्या उत्तराचा एक तुकडा प्रॉडक्शनच्या केटरिंगमध्ये आणि कचरा उचलण्याच्या कंत्राटात आहे. दुसरा तुकडा पाड्यांवर आहे. घरात शौचालय नाही, रस्त्यावर दिवा नाही, म्हणून अंधारात बाहेर पडावं लागणाऱ्या बाईला आणि लहान मुलाला जो धोका आहे, तो सेटवरच्या व्हॅनिटी व्हॅनमधल्या कलाकाराला नाही. २०१७ मध्ये चित्रनगरीच्या परिसरातच एका दोन वर्षांच्या मुलाचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. तो पाड्यावरचा मुलगा होता. त्या घटनेची आठवण किती जणांना आहे आणि सेटवरच्या बिबट्याचा व्हिडिओ किती जणांनी पाहिलाय, हा फरकसुद्धा अभ्यासाचाच विषय आहे.

हे सगळं एका पेपरात बसत नाही. पण एका जागेत बसतं.

सिनेमा इथे फक्त 'जनजागृती'साठी आहे का?

पर्यावरणाच्या वर्गात सिनेमाचा उपयोग साधारण कसा होतो? शेवटच्या आठवड्यात, अभ्यासक्रम संपल्यावर, प्रोजेक्टर लावून एखादी डॉक्युमेंटरी. दिवे बंद, मागच्या बाकांवर डुलक्या. १९९१ च्या निकालातही सिनेमाकडे बघण्याची दृष्टी हीच होती, संदेश पोहोचवायचं वाहन. पण शहर आणि पर्यावरण समजून घ्यायला सिनेमा पुरावा म्हणूनही वाचता येतो.

१९८५ हे साल घ्या. त्या वर्षी जुलैमध्ये सुप्रीम कोर्टाने 'ओल्गा टेलिस' खटल्याचा निकाल दिला. मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवण्याचा तो खटला. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असं कोर्टाने म्हटलं. पण रीतसर नोटीस देऊन महापालिकेला हटवता येईल, असंही म्हटलं. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा निकाल पाठ असतो. त्याच वर्षी आनंद पटवर्धन यांची 'हमारा शहर' ही डॉक्युमेंटरी आली. विषय तोच: झोपड्या पाडणं, आणि पाडली गेल्यावर माणसं जातात कुठे. निकाल वाचून तत्त्व कळतं. फिल्म बघून कळतं की उचलून नेलेल्या ताडपत्रीसोबत भांडीही गेली आणि पाऊस सुरू होता. दोन्ही एकत्र ठेवले तर तिसरा प्रश्न उभा राहतो: ज्या शहराने या माणसांच्या हातांनी इमारती बांधून घेतल्या, त्यांच्या राहण्याची जागा आराखड्यात होती का? हा प्रश्न नगररचनेचा. आणि फिल्मलाही प्रश्न विचारता येतात. कॅमेरा कुणाकडे होता, काय कापलं गेलं, कुणाला बोलायला जास्त वेळ मिळाला?

अलीकडचं उदाहरण सर्वनिक कौर यांच्या 'अगेन्स्ट द टाइड'चं. २०२३ मध्ये सनडान्स महोत्सवात गौरवलेली ही डॉक्युमेंटरी मुंबईतल्या दोन कोळी मित्रांची. एक बापजाद्यांच्या पद्धतीने किनाऱ्याजवळ मासेमारी करतो, दुसरा कर्ज काढून खोल समुद्रात जातो आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीकडे ओढला जातो. या दिव्यांवर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातलेली. बंदी असूनही लोक तिकडे का वळतात? किनाऱ्याजवळ मासळी कमी झाली. ती का कमी झाली, तर शहराचं सांडपाणी, भराव, वाढलेल्या बोटी, बदलता समुद्र. फिल्म यातलं सगळं सांगत नाही आणि तिने सांगावं अशी अपेक्षाही नाही. ती दोन घरं आणि एक मैत्री दाखवते. उरलेलं शोधायला मत्स्यशास्त्र लागतं, बँकेच्या कर्जाचे नियम लागतात, किनारा नियमन क्षेत्राचा कायदा लागतो.

दिल्लीत जखमी घारींवर उपचार करणाऱ्या भावांवरची शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोहोचली, तेव्हा तिची चर्चा मुख्यतः सुंदर छायाचित्रणाची झाली. हवेच्या प्रदूषणाच्या वर्गात ती दाखवली गेली तर चर्चा वेगळी होईल.

फक्त मुंबईपुरतं आहे का हे?

तसं वाटणं साहजिक आहे, पण नाही. कोल्हापूर बघा. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचं गाव. १९२९ मध्ये 'प्रभात' इथेच सुरू झाली. जयप्रभा स्टुडिओच्या जागेचं काय करायचं, यावर कलाकार आणि नागरिकांनी अनेकदा आंदोलनं केली. म्हणजे सिनेमाचा वारसा हा तिथे शहरातल्या जमिनीचा प्रश्न झालाय. त्याच शहरात पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आणि २०१९ व २०२१ च्या पुरात नदी ५५ फुटांच्या वर गेली. पूररेषा, त्यातली बांधकामं, नदीचं प्रदूषण हे रोजचे विषय. शिवाजी विद्यापीठाच्या कक्षेतल्या एखाद्या विद्यार्थ्याने या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तर मुंबईची गरजही पडणार नाही.

'प्रभात' पुढे १९३३ मध्ये पुण्यात गेली. तिच्या त्याच जागेत १९६० मध्ये आजच्या एफटीआयआयची सुरुवात झाली. त्या लॉ कॉलेज रोडच्या मागच्या टेकडीवरून बालभारती ते पौड फाटा रस्ता न्यायचा की नाही, यावर पुणेकर वर्षानुवर्षं भांडतायत. २०२३ मध्ये टेकडी वाचवण्यासाठी मोठा मोर्चाही निघाला. फिल्म शिकणारी संस्था, टेकडी आणि रस्त्याचा आराखडा, सगळं चालत जाण्याच्या अंतरात.

अडतं कुठे?

सगळ्यात आधी कॉलेजच्या आकारात. ज्या ग्रामीण कॉलेजात फक्त कला आणि वाणिज्य आहे, तिथे 'वेगळ्या शाखेतला' ओपन इलेक्टिव्ह म्हणजे बीएच्या पोरांना बँकिंगची ओळख आणि बीकॉमच्या पोरांना मराठी किंवा इतिहास. निवड कागदावर विद्यार्थ्याची, प्रत्यक्षात वेळापत्रकाची. सिनेमा शिकवणारा माणूस तालुक्याला आणायचा कुठून?

मग शिक्षकांचा प्रश्न, आणि तो यापेक्षा खोल आहे. अनुदानित कॉलेजात शिक्षकांची पदं विषयानुसार मंजूर होतात, तासांचा भार विषयानुसार मोजला जातो. भूगोलाच्या आणि मास मीडियाच्या शिक्षकांनी मिळून एक पेपर शिकवला तर त्याचे तास कुणाच्या खात्यात? एका विभागाचे तास घटले की तिथलं पद धोक्यात येतं. त्यामुळे ज्या धोरणाने विभागांच्या भिंती पाडायच्या म्हटलं, त्याच धोरणाच्या काळात विभाग आपापले पेपर घट्ट धरून बसतात. यात शिक्षकांना दोष देणं सोपं आहे. पण अनेक पदं रिकामी, तासिका तत्त्वावर काम करणारा शिक्षक महिन्याचे पैसे किती आणि कधी मिळतील याच्या चिंतेत, आणि त्याच्याकडून अपेक्षा नव्या आंतरविद्याशाखीय अभ्यासक्रमाची. हे जमणार कसं?

खासगी विद्यापीठांत चित्र वेगळं आहे. पर्यावरण अभ्यास, सिनेमा, शहर अभ्यास असे विषय एकत्र घेता येतात, शिक्षक त्यासाठीच नेमलेले असतात. फी लाखांत असते. म्हणजे तीन विषय जोडून शिकायची सोय असलेल्या मुलांचा समुद्राच्या वाढत्या पातळीशी किंवा पूररेषेशी थेट संबंध बहुधा कमी, आणि ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्या कॉलेजात ओपन इलेक्टिव्हला एकच पर्याय. स्कॉलरशिप असतात, पण त्यांनी हे गणित बदलत नाही.

घरचे विचारतील: पुढे काय?

प्रश्न रास्त आहे. 'सिनेमा, पर्यावरण आणि शहर तज्ज्ञ पाहिजे' अशी जाहिरात कुठे येत नाही. पण कामं आहेत. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला, २०५० पर्यंत नेट झिरोचं उद्दिष्ट ठेवून. ऊर्जा आणि इमारती, पूर, वाहतूक, कचरा, हरित क्षेत्र, हवा, अशा सहा विषयांचा तो दस्तऐवज आहे. असे आराखडे तयार करायला, त्यांची आकडेवारी तपासायला आणि ते वॉर्डातल्या माणसाला समजतील असे सांगायला माणसं लागतात. पर्यावरण पत्रकारिता, संशोधन संस्था, डॉक्युमेंटरी, नियोजन सल्लागार कंपन्या, सीएसआर विभाग इथे अशा पदवीधरांना वाव आहे. पगार सुरुवातीला फार नसतात, हे आधीच माहीत असलेलं बरं.

पुढच्या शिक्षणाचा धोका आधीपेक्षा कमी झालाय. यूजीसीच्या २०२४ च्या पदव्युत्तर आराखड्यानुसार, प्रवेश परीक्षा पास केली तर पदवीला वेगळा मेजर असला तरी दुसऱ्या विषयात एमए-एमएस्सीला जाता येतं. चार वर्षांची पदवी किमान ७५ टक्क्यांनी पूर्ण केली तर थेट नेटही देता येते. मात्र प्रत्येक विद्यापीठ हे कसं लागू करतं ते वेगळं, त्यामुळे जिथे जायचंय तिथले नियम आधीच वाचावेत. आर्किटेक्चर किंवा इंजिनीअरिंगसारख्या व्यावसायिक पदव्यांना या सवलतीचा उपयोग नाही. ज्यांना नगररचनाकार म्हणून सही करायचीये, त्यांना त्या वाटेनेच जावं लागेल.

प्रवेश घेताना काय विचारायचं?

माहितीपत्रकातली विषयांची यादी लांब असते, म्हणून तिच्यावर जाऊ नये. मागच्या वर्षी त्यातले कोणते मायनर आणि ओपन इलेक्टिव्ह खरोखर चालले, किती मुलांनी घेतले आणि कुणी शिकवले, हे कॉलेजच्या ऑफिसात विचारावं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना कँटीनमध्ये विचारलं तर उत्तर जास्त खरं मिळेल. मायनरचा निर्णय बहुतेक ठिकाणी पहिल्या वर्षातच घ्यावा लागतो, त्यामुळे 'नंतर बघू' म्हणून चालत नाही.

आणि रचनेतल्या एका कमी चर्चेच्या भागाकडे नीट बघावं: फील्ड प्रोजेक्ट आणि समाजकार्याची क्रेडिट. तीन वेगवेगळे पेपर जोडले जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त इथेच आहे, कारण इथे वर्गाबाहेर जावं लागतं. विषय शोधण्यापेक्षा जागा शोधली तर काम सोपं होतं. घराजवळचा नाला, बंद पडलेलं सिंगल स्क्रीन थिएटर, कचरा डेपो, शूटिंगला भाड्याने दिला जाणारा वाडा. भूगोलाच्या पेपरसाठी तिचा नकाशा, पर्यावरणाच्या पेपरसाठी पाण्याच्या-कचऱ्याच्या नोंदी, मीडियाच्या पेपरसाठी तिथल्या माणसांच्या मोबाईलवर घेतलेल्या मुलाखती. जागा तीच, तीन सेमिस्टर तीच. चौथ्या वर्षाला गेलात तर संशोधन प्रकल्पही तिथूनच उभा राहू शकतो.

त्यासाठी कॉलेजला एकच गोष्ट आधी विचारून ठेवावी लागेल: एका फील्ड प्रोजेक्टला दोन विभागांचे मार्गदर्शक चालतात का? बऱ्याच ठिकाणी या प्रश्नावर समोरची व्यक्ती आधी थोडा वेळ शांत बसेल आणि मग म्हणेल, "असं अजून कुणी विचारलं नाही, प्राचार्यांशी बोलून सांगतो." सोबत अर्ज लिहूनच न्यावा.